मोठ्या लोकांचा आजार

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर भागीरथानं कामावर पाणी पिणं सोडलं. तहान लागत नव्हती असं नाही. तहान तर अशी लागायची की जीभ टाळूला चिकटून बसायची. पण पाणी प्यालं की लघवीला जावं लागे, आणि प्रतापनगरच्या त्या उघड्या माळावर बाईमाणसानं जायचं कुठं? तेव्हा तिथं नुकते प्लॉट पडले होते. कुठं पायवा खणलेला, कुठं कमरेइतक्या भिंती, मधे सगळं रान. पुरुष कुठल्याही विटांच्या थप्पीआड उभे राहत. बायकांना नाल्याकाठच्या बेशरमीच्या झुडपांपर्यंत चालत जावं लागे, आणि परत येईपर्यंत मिस्त्रीच्या हाताखालचा वाळू-सिमेंटचा मसाला संपून तो रिकामा बसलेला असे.

एकदा-दोनदा गेलेलं कुणी मनावर घेत नसे. भागीरथाला घडोघडी जावं लागू लागलं, तेव्हा मुकादमानं सगळ्यांसमोर विचारलं, "काहून वं, नाल्यावर कोन बसला हाये तुया?"

माणसं हसली. विटा-गारा वाहणाऱ्या बरोबरच्या रेजाही पदर तोंडाला लावून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून भागीरथा सकाळी घरून निघताना अर्धा गिलास पाणी घेई आणि मग संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माठाकडे बघतही नसे. घरी आली की उभ्या उभ्या तांब्यामागून तांब्या रिचवी. सासू तुळसाबाई म्हणे, "अवं, श्वास तर घे."

भागीरथा पस्तिशीला टेकली होती. माहेर सावनेरकडचं, सासर नागपुरात रामबागेच्या वस्तीत. नवरा नत्थू कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होता. दारू नाही, हात उगारणं नाही. बुद्धविहारात रविवारी वंदना तोच म्हणे, आणि वस्तीत कुणाचं भांडण झालं तर लोक त्याच्याकडे येत. छप्पन साली दीक्षा घ्यायला गेले तेव्हा दोघांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ती त्याच्या मागं मागं त्या गर्दीत चालली होती, आणि हरवू नये म्हणून त्यानं आपल्या सदऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं होतं. पुढं तीन बाळंतपणं झाली. पहिली प्रेमिला, आता मॅट्रिकच्या वर्गात होती. नंतरचे दोन्ही मुलगे पोटातच गेले. दोन्ही वेळा सुईण म्हणाली होती की लेकरू फार मोठं होतं, एवढं मोठं लेकरू आपल्या वस्तीत कुणाचं झालं नाही.

तहानेबरोबर दुसरंही एक सुरू झालं होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगणार कसं? अंगाच्या ज्या जागेचं नावसुद्धा बायका एकमेकींत घेत नाहीत, तिथं आग आग होई, खाज सुटे. चालताना मांड्या घासल्या की डोळ्यांत पाणी येई. तिनं कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं धुतलं, खोबरेल लावलं. दोन दिवस बरं वाटे, पुन्हा तेच. चोळी सैल झाली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. वस्तीतल्या बायका म्हणाल्या, बांधकामाचं काम अंगावर येते. तिलाही तसंच वाटलं.

नत्थूजवळ जाणं ती टाळू लागली. आज पाठ दुखते, उद्या डोकं दुखते. तो समजूतदार माणूस, काही दिवस गप्प राहिला. पण दर वेळी टाळता येईना. मग एक दिवस त्यालाही खाज सुटली, पुरळ आलं, आणि तो मिल-कामगारांच्या दवाखान्यात जाऊन आला. आल्यावर तो नीट जेवला नाही. म्हणाला, "उद्या कामावर जाऊ नको. डॉक्टरनं तुले आनाले सांगतलं हाये."

भागीरथाला बरंच वाटलं. आपण बोललो नाही तरी ह्यांना कळलं, आता औषध मिळेल, असा विचार करत ती त्याच्या मागून चालत दवाखान्यात गेली.

डॉक्टरच्या टेबलासमोर एकच स्टूल होतं, त्यावर नत्थू बसला. डॉक्टरनं तिच्याकडे एकदा वर बघितलं आणि मग सगळं नत्थूला विचारलं.

"काय काम करते ही?"

"बांधकामावर जाते. रेजा हाये."

"हं," डॉक्टर म्हणाला आणि लिहायला लागला.

त्यानं तिला काही विचारलं नाही. तहान विचारली नाही, वाळली का ते विचारलं नाही. हात लावून पाहिलं नाही. पलीकडच्या खोलीत कंपाउंडरनं तिच्या कमरेत सुई टोचली. सुई मोठी होती आणि औषध दाट, टोचलेली जागा दगडासारखी झाली. रोज यायचं, असं तो म्हणाला.

"कायची सुई हाये, भाऊ?" तिनं विचारलं.

"नवऱ्याले विचार," कंपाउंडर म्हणाला. तिच्या तोंडाकडे न बघता त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

परतताना नत्थू रस्त्याच्या कडेकडेनं भराभर चालत होता. पूल आला तेव्हा थांबला. तिच्याकडे पाठ करूनच म्हणाला, "कोन हाये तो? मुकादम का मिस्त्री?"

"कोन म्हन्जे?"

"परमा झाला मले. डॉक्टर म्हने हा रोग बाईपासून येते. मी तर कोठी गेलो नाई. मंग कोन गेलं?"

तिला आधी शब्दच कळले नाहीत. कळले तेव्हा तिनं पुलाचा कठडा धरला. ती म्हणाली, "तुमच्या पायाची आन, म्या कोनाकडे मान वर करून पाह्यलं नाई." नत्थू पुन्हा चालू लागला होता. त्यानं ऐकलं की नाही ते तिला समजलं नाही.

त्या दिवसापासून तो तिच्याशी प्रेमिलामार्फत बोलू लागला. तुझ्या मायला सांग, भाकर वाढ. तुझ्या मायला विचार, दळण आणलं का. तिचा पितळी गिलास आणि ताटली त्यानं बाजूला, ओट्याच्या खाली ठेवली. कंपाउंडरनं म्हणे तसं सांगितलं होतं. प्रेमिला ते बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. तुळसाबाईला मात्र कळलं. म्हातारी सत्तरीची, डोळ्यांनी अधू, पण घरातली भांडी तिला हातानं माहीत होती. जेवताना तिनं चाचपून पाहिलं आणि विचारलं, "भागीचा गिलास कोठी हाये?"

म्हातारी उठली, ओट्याखालून गिलास काढला, माठातलं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर प्याली.

"नत्थू," ती म्हणाली, "म्या जनमभर पाटलाच्या दारी वरून ओतलेलं पानी पेलं. ओंजळ धरून. ह्या घरात कोनाचं भांडं अलग राह्यनार नाई. तुया डॉक्टरले सांग."

नत्थू ताटावरून उठून गेला. गिलास पुन्हा फळीवर गेला. पण नंतर, भागीरथा तिचे पाय चेपायला बसली तेव्हा म्हातारीनं आवाज खाली आणून विचारलं, "म्या तुयी बाजू धरली. आता मले खरं सांग. काही झालं का वं?"

भागीरथाला त्या दवाखान्यातल्या सुईपेक्षा हे जास्त टोचलं. ती नुसती म्हणाली, "नाई, आत्याबाई," आणि पाय चेपत राहिली.

सुयांचा काही उपयोग झाला नाही. होणार कसा? काम मात्र तिनं सोडलं नव्हतं, आणि नत्थूही अजून तसं म्हणाला नव्हता.

ती ज्या बंगल्यावर जात होती तो मार्तंडरावांचा. ते शहरातल्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सोसायटीचा प्लॉट मिळाला तेव्हापासून दर सुटीच्या दिवशी आणि जमलं तर मधल्या वारीही ते बायकोला घेऊन सायकलरिक्षातून बांधकाम बघायला येत. त्यांना मधुमेह होता, आणि ते तो लपवत नसत. उलट धोंडबा मिस्त्रीला ते भिंतीचा ओळंबा बघता बघता सांगत, "आमच्या साहेबांनाही आहे. डोक्याचं काम करणाऱ्या माणसाला हा जडतोच. तुम्ही लोक नशीबवान. अंगमेहनत करता, साखर जागच्या जागी जिरते." त्यांची खाण्याची वेळ ठरलेली. सुमतीबाई पिशवीतून डबा काढून देत, चतकोर पोळी, पालेभाजी, ताक. ते खात तोवर त्या सावलीत उभ्या राहत. त्यांना कधी काही खाताना भागीरथानं पाहिलं नव्हतं.

पौषातल्या एका दुपारी भागीरथा डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर अंधार आला. ती विटांसकट खाली वाळूच्या ढिगावर पडली. लागलं फार नाही. धोंडबानं तिला उचलायला हात पुढं केला, पण ती अंग चोरून स्वतःच उठली. आता त्या हाताचीही तिला भीती वाटत होती. सुमतीबाईंनी तिला सावलीत बसवलं, आपल्या सुरईतलं पाणी दिलं. भागीरथानं सुरई तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली. मग लाजली.

"बाईसाहेब, सगळं पानी पेली मी."

सुमतीबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. मार्तंडराव पलीकडे चौकटी मोजत होते, तिकडे एकवार पाहून त्यांनी हळू विचारलं, "असं किती दिवस होतंय? तहान?"

"दिवाळीपासून."

"सारखं जावं लागतं?"

"हो."

सुमतीबाईंनी पदर सारखा केला. "आणि खाज सुटते का? खाली?"

ह्या बाईपर्यंतही गोष्ट पोचली, असंच भागीरथाला वाटलं. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कुणी नाही. उद्या सकाळी उठल्यावरची पहिली लघवी एका शिशीत घेऊन ये. शिशी धुऊन घे. आणि कुणाला बोलू नकोस."

भागीरथाला ते विचित्र वाटलं, पण दुसऱ्या दिवशी ती खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या शिशीत घेऊन आली. सुमतीबाईंनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. पुढच्या वेळी आल्या तेव्हा मार्तंडराव शेजारच्या प्लॉटवाल्याशी बोलत लांब गेलेले पाहून त्यांनी तिला विटांच्या थप्पीमागं बोलावलं.

"ह्यांची तपासायची काचेची नळी आहे घरी. निळं औषध असतं, त्यात चार थेंब टाकून उकळायचं. साखर नसली तर निळंच राहतं. तुझं ह्या विटेसारखं लाल झालं, भागीरथा. तुला डायबेटीस आहे. साखर. ह्यांना आहे तोच आजार."

"मले?"

"हो. खाज त्यानंच सुटते. बायकांना सुटते. तसला कुठला घाणेरडा रोग नाही तो."

भागीरथा खाली बसली. थप्पीला टेकून ती रडली, आवाज न करता, बराच वेळ. सुमतीबाई उभ्याच होत्या, एक डोळा नवऱ्याकडे ठेवून. रडणं थांबल्यावर भागीरथानं विचारलं, "बायकांले सुटते, हे तुमाले कसं ठाऊक?"

सुमतीबाई तिच्या कानाशी वाकल्या.

"मलाही आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. ह्यांची तपासून झाल्यावर एक दिवस माझी तपासली. घरात कुणाला माहीत नाही. माझ्या लतेचं लग्न ठरायचंय. आई-बाप दोघांनाही साखर म्हटल्यावर मुलीला कोण करून घेईल? आणि एका घरात दोघं दुखणेकरी झाली तर ह्यांचं कोण बघणार? मी भात सोडला, गोड सोडलं. चाललंय." मग घाईनं म्हणाल्या, "तू सरकारी इस्पितळात जा. तिथं फुकट बघतात. माझं नाव घेऊ नकोस."

त्या संध्याकाळी भागीरथा घरी गेली ती जवळजवळ पळत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती नत्थूसमोर जाऊन उभी राहिली आणि सरळ त्याच्याशी बोलली. "मले परमा नाई. मले साखर हाये. मार्तंडराव साहेबाले हाये ते. बाईसाहेबांनी नळीत तपासून पाह्यलं." नाव घेऊ नकोस म्हटलेलं तिच्या लक्षात होतं. पण नावाशिवाय ह्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार होतं?

नत्थू चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

"साखर," तो म्हणाला. "आपल्या घरी सनासुदीले साखर येते. तुले कोठून होईन वं साखर? तो बसून खानाऱ्याचा रोग हाये. मिलमधी मॅनेजरले हाये. खोटं बोलाचं त लहान तरी बोलाव."

"बाईसाहेबाले विचारा."

"विचारतो."

पुढच्या सुटीच्या दिवशी तो खरोखरच आला. धुतलेला सदरा घालून, हातात टोपी घेऊन प्लॉटच्या कडेला उभा राहिला. भागीरथाच्या डोक्यावर गाऱ्याचं घमेलं होतं. तिला वाटलं, तो बाईंना बाजूला गाठून विचारील. पण नत्थूच्या मनात परक्या बाईशी आडोशाला बोलायचं येणं शक्य नव्हतं. तो सरळ मार्तंडरावांसमोर गेला.

"नमस्कार साहेब. ही मायी बाई तुमच्या कामावर हाये. ती म्हन्ते तिले तुमच्यासारखी शुगर हाये. बाईसाहेबांनी तपासलं म्हन्ते."

मार्तंडराव हसले. वाईट माणूस नव्हते ते, त्यांना खरोखरच गंमत वाटली. "अरे, दिवसभर विटा वाहणाऱ्या बाईला डायबेटीस? आमचे डॉक्टर ऐकतील तर खुर्चीवरून पडतील." ते बायकोकडे वळले. "काय गं, तू कधी डॉक्टर झालीस? माझ्या नळीत तपासलंस की काय हिचं?"

पिशवीचा बंद सुमतीबाईंनी बोटाला गुंडाळला.

"छे," त्या म्हणाल्या. "मी कशाला तपासू? चक्कर येऊन पडली होती, पाणी दिलं. काहीतरी समजली असेल ती."

भागीरथा घमेलं घेऊन तिथंच उभी होती. गारा कडेनं ओघळून तिच्या मानेवर येत होता. तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. बाई, तुमालेही हाये म्हन्ला होता तुमी, लग्नाची पोरगी हाये म्हन्ला होता. एवढं एक वाक्य बोललं असतं तर निदान मार्तंडराव हसायचे थांबले असते. तिनं सुमतीबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या, पायाजवळच्या वाळूकडे बघत होत्या, आणि त्यांच्या गळ्याची शीर थडथड उडत होती. घरी प्रेमिलाही होती लग्नाची. भागीरथा वळली आणि घमेलं मिस्त्रीपुढं नेऊन रिकामं केलं.

नत्थूनं टोपी डोक्यावर ठेवली. "माफ करा साहेब," म्हणाला आणि गेला. घरी आल्यावर त्यानं प्रेमिलाला सांगितलं, "तुया मायले सांग, त्या बंगल्यावर उद्यापासून जाचं नाई."

ती गेली नाही. सरकारी इस्पितळातही गेली नाही. जायचं म्हणजे एक दिवस मोडायचा, आणि कुठं गेली होतीस म्हणून घरी जाब द्यायचा. ती काय सांगणार होती? मोठ्या घरच्या बाईनंच तिला खोटं ठरवलं होतं. कधी कधी तिला वाटे, खरंच आपण काही भलतंच समजलो असू.

होळीनंतर तिनं डांबरी रस्त्याचं काम धरलं. तिथं सगळ्या बायकाच होत्या, मुकादम म्हातारा होता, म्हणून नत्थू काही बोलला नाही. पायांना गोणपाट बांधून, गरम डांबरावर गिट्टी पसरत पुढं सरकायचं. इतर बायका दर थोड्या वेळानं बाजूला होऊन पाय झाडत, हाय हाय करत. भागीरथाला तेवढं भाजत नसे. तळवे बऱ्याच दिवसांपासून बधिर झाले होते, चपलेखाली कापूस आहे असं वाटे. ह्या कामाला ते बरंच झालं, असं ती म्हणाली होती.

एक दिवस मागून पार्वती नावाची रेजा ओरडली, "अवं भागी, गोनपाट सुटलं तुयं. कातडं चिकटून राह्यलं डांबराले."

भागीरथानं खाली बघितलं. उजव्या पायाचं गोणपाट केव्हाच सुटून मागं पडलं होतं. तळवा काळा झाला होता आणि कडेनं सोललं होतं. तिला काहीही कळलं नव्हतं. पार्वती तोंडावर हात ठेवून तिच्या पायाकडे आणि मग तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

हळद लावली, चिंधी बांधली. दोन दिवस घरी बसून ती पुन्हा कामावर गेली, कारण दुखत नव्हतं. दुखत नाही ती जखम कसली, असं सगळेच म्हणाले. चैत्र संपता संपता जखमेला वास येऊ लागला. आधी प्रेमिलाला आला. शाळेतून आल्यावर ती दारातच थांबली आणि म्हणाली, "माय, घरात उंदीर मेला का?" मग तिनं मायच्या पायाची चिंधी सोडली. करंगळी काळी पडली होती.

नत्थूनं तिला पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जुना कागद काढून बघितला. "तोच रोग आहे अंगात, जखम भरणार कशी?" म्हणाला, आणि पुन्हा त्याच सुया लिहिल्या. वस्तीत आता कुणाला काही सांगायला लागत नव्हतं. पाणी भरायला गेलेल्या प्रेमिलाला बघून बायका गप्प होत. पाय सडू लागला म्हणजे बाईनं काय केलं असेल ते उघडच आहे, असं त्या आपसात बोलत.

मग भागीरथाला ताप भरला. ती बोलेनाशी झाली, नुसतं पाणी, पाणी म्हणे. नत्थू पहिल्या पाळीला गेला होता. तुळसाबाईनं नातीला सांगितलं, "रिक्षा आन. त्या मेल्याच्या दवाखान्यात नाई, मोठ्या सरकारी इस्पितळात." म्हातारी आणि पोरगी, दोघींनी तिला धरून रिक्षात घातलं. वाटेत तुळसाबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पुन्हा पुन्हा ती म्हणत होती, "म्या काहून विचारलं तुले तसं."

इस्पितळातला डॉक्टर तरुण होता. त्यानं जखमेआधी तिच्या श्वासाच्या गोडसर वासाकडे लक्ष दिलं, लघवी तपासायला धाडली आणि प्रेमिलाला विचारलं, तहान लागायची का, सारखी उठायची का. शुद्ध आल्यावर त्यानं भागीरथालाच विचारलं, "बाई, मुलं किती झाली?"

"एक हाये. दोन पोटात गेली."

"मोठी होती का ती? वजनानं?"

भागीरथा त्याच्याकडे बघत राहिली. ते दोघं किती मोठे होते हे तिला आणि त्या सुईणीलाच माहीत होतं, आणि सुईण मरून बरीच वर्षं झाली होती. "तुमाले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

"आईला साखर असली की मूल पोटात फार वाढतं. तेव्हापासूनच असेल तुमची साखर," डॉक्टर म्हणाला. "कमी-जास्त होत राहिली असेल."

ती डोळे मिटून पडली. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं तो पुढं सांगत होता. ते तिनं ऐकलं, पण तिच्या मनात ते दोघंच होते.

नत्थू पाळी संपवून आला तेव्हा अंगावर कापसाचं पिंजण तसंच होतं. डॉक्टरनं त्याला खाटेजवळच सगळं समजावलं. नत्थूनं खालच्या आवाजात विचारलं, "आन तो दुसरा रोग?"

"कुठला दुसरा?"

नत्थूनं सांगितलं. डॉक्टरनं मान हलवली. "रक्त तपासलंय, तसलं काही नाही. साखरेनं बायकांना आतून खाज सुटते, त्यातून नवऱ्यालाही थोडा त्रास होतो. तुम्हाला सहा महिन्यांपूर्वी कुणी एकदा लघवी तपासून बघितली असती, तर हा पाय राहिला असता."

भागीरथानं डोळे उघडले नाहीत. खाटेच्या दांडीवर नत्थूनं हात ठेवला तेव्हा खाट हलली, एवढंच तिला कळलं. बराच वेळ तो हात तिथंच होता. तो तिच्या अंगापर्यंत आला नाही.

पाय काढला. दीड महिन्यानं ती घरी आली. प्रेमिलाची परीक्षा त्यातच बुडाली, आणि पुढच्या वर्षी बसू म्हणता म्हणता बसली नाही. आईची रोजची साखरेची सुई, स्वयंपाक, म्हातारीचं बघणं, सगळं तिच्याकडे आलं. इस्पितळातल्या नर्सनं तिला सुई द्यायला शिकवलं होतं, आणि रोज सकाळी ती काचेची पिचकारी उकळत ठेवून चुलीसमोर बसे. मग तिच्याकडे बघायला भागीरथाला जड जाई. मार्तंडरावांच्या बंगल्याची वास्तुशांती झाल्याचं, तिथं मधूनमधून कामाला जाणारी पार्वती सांगून गेली. साहेब खुशीत होते, बाई मात्र फार वाळल्या, वळखूच आल्या नाही, असं ती म्हणाली. भागीरथानं काही विचारलं नाही.

लोक भेटायला येऊ लागले. आधी तोंड चुकवणारे आता दारात चपला काढून बसत. नत्थू त्यांना सगळं नीट सांगे, विहारात सांगायचा तशा शांत आवाजात. "शुगर होती तिले. लोकांनी काय काय उठवलं होतं. पन शुगर निंगाली. मोठमोठ्या लोकाईले होते तो आजार. डॉक्टरनं स्वतः सांगतलं मले." ऐकणारे माना डोलावत. कुणी म्हणे, आपल्या वस्तीत पहिलीच असेल. हे ऐकताना नत्थूच्या चेहऱ्यावर हलकेपणा येई. कुणीतरी त्याच्या मानेवरचं ओझं उतरवून घेतलंय असा तो दिसे.

खाटेवर बसलेल्या भागीरथानं ते तीन-चारदा ऐकून घेतलं. मग एका दुपारी त्याचे मिलचे दोघं सोबती आले, आणि तो पुन्हा "डॉक्टरनं सांगतलं" म्हणाला.

"मी सांगतलं होतं," ती म्हणाली.

नत्थू थांबला.

"सहा महिने झाले, म्या तुमाले घरात उभी राहून सांगतलं का मले साखर हाये. तुमी म्हन्ले, खोटं बोलाचं त लहान तरी बोलाव."

सोबती खाली बघू लागले. एकानं विडी काढली आणि पेटवली नाही. प्रेमिला आतून दारापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली.

"ह्यापुढं आलेल्या मानसाले तुमी काही सांगू नका," भागीरथा म्हणाली. "आजार माया हाये."

सोबती थोड्या वेळानं उठून गेले. नत्थू त्यांना पोचवायला म्हणून वस्तीच्या टोकापर्यंत गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही. आला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो खाटेच्या पायथ्याशी, जिथं तिचा एकच पाय होता, तिथं जमिनीवर बसला. जागी आहेस का, असं त्यानं विचारलं. ती जागी होती. तिनं उत्तर दिलं नाही.